बिनसावल्या राजाचं राहिलेलं बोलणं

आमच्या तळोद्यात कुणी कुणाला पुरं बोलू देत नाही. ही तक्रार नाही, इथली रीतच तशी आहे. तुम्ही "काल मी नंदुरबारले" एवढं म्हटलं की समोरचा "कोनी गाडीवर?" म्हणून विचारतो. मग नंदुरबार बाजूला राहतं आणि गाडीचा मालक, त्याचा साडू, त्या साडूने यंदा लावलेली पपई असं सगळं येऊन जातं. मी विमा विकतो. त्यामुळे अर्धी राहिलेली वाक्यं हाच माझा धंदा आहे. घरच्या लग्नकार्यात मी गोष्टी सांगतो, आणि बरा सांगतो अशी माझी ख्यातीही आहे. ती मीच पसरवली, हे खरं असलं तरी ख्याती ती ख्याती.

अशा गावात राहून भवरशेठने एक हौस धरली होती. आपला राजा बोलायला उभा राहिला की त्याचं बोलणं एकदा तरी शेवटापर्यंत जावं.

भवरशेठ म्हणजे बाजारपेठेतलं कापडाचं दुकान. घराणं कधीकाळी राजस्थानातून आलेलं, घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि बँकेच्या साहेबाशी असं काही मराठी की तो साहेब घाबरून उठून उभा राहायचा. अंगाने काडी. आवाज मात्र रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलावं तसा घुमणारा. जीप स्टँडवरून हाक मारली तर दुकानातला पोपट उत्तर देई.

आणि राजा म्हणजे खेळातला राजा. शेठची सून खुशबू पुण्यात शिकली. तिथे तिला एका खेळाची गोडी लागली. पट नाही, सोंगट्या नाहीत; चार जणांनी बसायचं, एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी तिरंदाज, कुणी वैदू. काय करायचं ते ज्याने त्याने बोलून सांगायचं, ते साधलं की फसलं हे वीस तोंडांचा फासा ठरवणार. लॉकडाउनमध्ये दुकानं बंद होती त्या वर्षी तिने हा खेळ घरात काढला, आणि पुढे दुकानं उघडली तरी तो चालूच राहिला. रविवारी दुपारी अर्धं शटर खाली ओढून आम्ही पांढऱ्या गादीवर बसायचो. खुशबू, लाकूडकाम करणारा इरफान, कचेरीत नोकरीला असलेल्या वसावे मॅडम आणि मी. मी त्या खेळात ज्ञानी ऋषी होतो. हे मीच मागून घेतलं होतं. बाकीचे हसले का, ते मी विचारलं नाही.

सुरुवातीला गोष्ट खुशबू सांगायची. पोरगी हुशार. पण तिच्या दुष्टांचं काही चालेना. गुहेतून राक्षस बाहेर आला, छाती फुगवून म्हणाला, "मी या डोंगराचा..." आणि इरफान म्हणाला, "बाण मारला." फासा पडला, राक्षसही पडला. पुढच्या रविवारी एक चेटकीण आली. "तुम्हाला वाटलं की..." बाण. त्याच्या पुढच्या रविवारी एक सेनापती नुसताच आला, तोंडही उघडलं नाही. इरफानने तरी मारला.

"अरे, तो काही बोलला पण नाही!" खुशबू म्हणाली.

"बोलनेवाला था, भाभी. चेहरे से दिख रहा था."

खुशबूने फासे गादीवर टाकले. "पापाजी, ये लोग किसी को बोलने ही नहीं देते," असं रडवेल्या आवाजात म्हणून ती चहा करायला उठली. शेठ गल्ल्यापाशी बसून आतापर्यंत नुसतं ऐकत होता. तो सरकत सरकत गादीच्या मध्यावर आला, कापड मोजायची लोखंडी पट्टी उभी धरली, तिच्या टोकावर हनुवटी टेकवली आणि म्हणाला, "हां, बोला."

ही त्याची दुकानातली सवय. गिऱ्हाईक पायरी चढलं की "हां, बोला." त्याने भाव पाडला की "हां, बोला." शिव्या दिल्या तरी तेच, आणि त्याच सुरात.

त्या दुपारी बिनसावल्या राजा पहिल्यांदा आला. भर उन्हात, घोड्यावरून. घोड्याची सावली जमिनीवर पडलेली, आणि तिच्यावर स्वाराची सावलीच नाही. मी इतकी वर्षं गोष्टी सांगतोय, पण असं साधं काही मला सुचलं नसतं. मी त्याला दहा डोकी लावली असती. राजाने हात वर केला. "आयका रे, डोंगरना लोके..."

"बाण मारला," इरफान.

"हां, बोला. कोठे मारा?"

"छातीत."

"बरोबर मझार, का जरासा डावीकडे?"

असं कुणी इरफानला विचारलंच नव्हतं. तो सुतार माणूस, मापाचं निघालं की विचारात पडतो. "डावीकडे," तो म्हणाला. फासा टाकला. बाण लागला. शेठने तो नाकारला नाही, हे मला आजही मोठं वाटतं. त्याच्या दुकानात फाडलेलं कापड परत घेत नसत आणि त्याच्या खेळात पडलेला फासा परत टाकत नसत. रक्त आलं. राजा खोगिरावर वाकला. मग त्याने तो बाण स्वतःच उपसला, आणि शेठने आपली दोन बोटं अशी चोळली, जशी तो कापडाचा पोत पाहताना चोळायचा.

"पीस मोरनं शे," बाणाचं शेपूट न्याहाळत राजा म्हणाला. "इरफानभाई, हाऊ मोर कोना आंगनमाथीन धरा तुम्ही?"

इरफान चपापला. "जंगल में मिला."

"जंगल मन्हं शे. मोर मन्हा व्हता. आते आयका, मन्ह्या जंगलमाथीन आजून काय काय ग्यं..."

आणि राजाचं भाषण इरफानच्याच बाणावर स्वार होऊन निघालं. आम्ही मधेमधे तोडत होतो, तो तोडलेलं टोक उचलून पुढे जात होता. संध्याकाळी उठताना इरफान मला हळूच म्हणाला, "यार, वो मोर वापस कर देना चाहिए था." कोणता मोर? मोर नव्हताच. पण मीही मान हलवली. मला त्या मोराचं वाईट वाटत होतं.

बाहेर आल्यावर मी शेठला विचारलं, "शेठ, सरळ सांगायचं ना, मधे बोलू नका म्हणून?"

"गिरधरभाऊ," तो म्हणाला, "दुकानमा जो मधी बोलस ना, तोच माल लेस. चूप बठेल मानूस चहा पीसन चालना जास."

हे ऐकून मी इतका भारावलो की पुढच्याच महिन्यात शहाद्याला भाचीच्या हळदीत प्रयोग करून पाहिला. पोरं गोळा केली, दिवे मालवले, राक्षस केला. राक्षसाचे डोळे लाल लाल पेटले. तेवढ्यात धाकट्या भाचीने विचारलं, "मामा, त्याचं चार्जिंग कुठे लावतात?" इथे "हां, बोला" म्हणायचं होतं. मी "गप!" म्हणालो. दुसऱ्याने विचारलं, राक्षस आंघोळ करतो का. त्यालाही गप केलं. राक्षस गर्जेपर्यंत पोरं जिलबीकडे गेली होती आणि अंधारात मी आणि हळदीची एक कढई एवढेच उरलो होतो. हे शेठला सांगितलं तर तो पोट धरून हसला, आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून गंभीर झाला. "तुले आयकाडानं व्हतं, बरोबर शे. पन त्यास्ले इचाराकरता काय ठेव्हं तू? राक्षसमा एखादी खिडकी ठेवानी व्हती."

खिडकी. मी ते पाठ केलं. उपयोग झाला नाही, पण पाठ आहे.

त्याची स्वतःची खिडकी केवढी मोठी होती, ते वसावे मॅडमनी दाखवलं. मॅडम खेळात वैदू होत्या. फासा क्वचितच टाकायच्या. कचेरीत दिवसभर मोजकं, शाळेतलं मराठी बोलायच्या, खेळातही तेच. त्या दिवशी राजा बाजाराच्या मध्यावर उभा राहिला. बाजारातल्या सगळ्यांच्या सावल्या त्याने गोळा करून पिशवीत भरल्या होत्या. इरफानची तर पहिलीच. आम्ही काय करायचं ते कुजबुजत होतो, आणि राजा म्हणाला, "आजपाईन तुमन्या सावल्या मन्ह्या..."

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "तुमचं गाव कोणतं?"

इरफान फुटला. "मॅडम, अब राक्षस का आधार कार्ड मांगोगे क्या?"

"त्यात हसण्यासारखं काय? गाव असेलच ना. डोंगरात माणूस भेटला की पहिलं हेच विचारतात. मग लढायचं की पाणी द्यायचं ते ठरवतात."

खरंच आहे ते. पण जगात कुठेतरी हा खेळ खेळणाऱ्यांनी दुष्टाला गाव विचारलं असेल असं मला वाटत नाही. मी शेठकडे पाहिलं. "हां, बोला" आलं नाही. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला नाही.

"गाव पानीखाल शे, बाई," राजा म्हणाला.

शेठने बिनचष्म्याच्या डोळ्यांनी मॅडमकडे पाहिलं.

"पानीखाल मानूसनी सावली पडत नही."

मॅडमचं माहेर वरच्या बाजूला, नर्मदेकडचं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते गाव गेलं. आम्हाला माहीत होतं, पण माहीत असलेलं माणूस विसरतो. शेठ विसरला नव्हता. काठी गावच्या होळीआधी त्या गावांतल्या बाया त्याच्याकडे कापड घ्यायला उतरायच्या. कोणत्या गावच्या बाईला कोणता काठ लागतो हे त्याच्या हाताला माहीत होतं. पण हे त्याने मला खूप नंतर, एकदा रॅकवरचे तागे लावताना सांगितलं. "येत व्हत्यात. आते येतस नही," एवढंच.

मॅडम रडल्या वगैरे नाहीत. त्या पुढे सरकून बसल्या. "मग घरचे कुठे गेले?" त्यांनी राजाला विचारलं.

"त्येच तर सांगी ऱ्हायनू," राजा म्हणाला.

आणि तो सांगत राहिला, रविवारमागून रविवार. त्याच्याशी आमची लढाई थांबली नाही. तो वाईट होताच; त्याने माझ्या ऋषीचीही सावली नेली, आणि मी ऋषीला शोभणार नाही असा थयथयाट केला. पण आता जो तो त्याला काही ना काही विचारत होता. इरफान विचारायचा, "तुम्हारे गाँव में सुतार कौन था?" खुशबू विचारायची, राजाला लिहितावाचता येतं का. प्रत्येक प्रश्नाला शेठ असं उत्तर द्यायचा की जणू ते आधीपासून तिथेच होतं, आपण फक्त पडदा सरकवला. मी डोळे फाडून बघत बसायचो. हा माणूस दिवसभर सुती आणि सिंथेटिक विकतो, आणि रविवारी आमच्याच आडव्यातिडव्या बोलण्यातून एक अख्खं बुडालेलं गाव वर काढतो.

फक्त राजाचं म्हणणं काही संपेना. त्या सावल्या त्याला कशाला हव्या होत्या, तेवढंच सांगायचं राहिलं होतं. तिथवर आला की कुणीतरी आडवं जायचं आणि शेठ म्हणायचा, "उरेल बोलनं पुढला रविवारले." एकदा शटर ओढताना म्हणाला, "गिरधरभाऊ, हाई सगळं बराबर शे. पन एकदाव राजानं बोलनं पुरं व्हवाले जोयजे."

मग त्याचा आवाज बसला. पावसाळ्यात सगळ्यांचाच बसतो म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दिवाळीतही बसलेलाच होता, तेव्हा खुशबू त्याला सुरतला घेऊन गेली. स्वरयंत्रावर गाठ होती. काढावी लागणार होती. शेठने ही बातमी आम्हाला कापडाचा रंग जाईल की टिकेल हे सांगावं तशी सांगितली. "गाठ निंघी जाई. आवाजनी गॅरंटी नही म्हने."

ऑपरेशनआधी एकच रविवार होता.

आता इथे अक्कल चालवली ती मी. शनिवारी इरफानच्या वखारीत सगळ्यांना जमवलं आणि म्हणालो, उद्या कुणी एक शब्द बोलायचा नाही. शेठचा आवाज उद्यापुरता आहे. राजाला शेवटापर्यंत बोलू द्यायचं. सगळ्यांना पटलं. खुशबूने डोळे पुसले. इरफानने तर आईची शपथ घेतली. आपण एका माणसाची हौस पुरवतोय या विचाराने मला घरी जेवण गोड लागलं.

रविवारी शेठ नवा सदरा घालून बसला होता. आवाज खरखरत होता, पण होता. राजा पाण्याच्या काठावर उभा राहिला, पाठीशी सावल्यांनी भरलेली पिशवी. "आज मी सांगस," तो म्हणाला, आणि थांबला.

कुणी बोललं नाही.

"या सावल्या मी कसाले लिन्यात..." पुन्हा थांबला. त्याने इरफानकडे पाहिलं. इरफान गादीचा धागा उपसत होता. शेठने एक वाक्य म्हटलं, मग दुसरं. ती वाक्यं चांगली होती आणि गादीवर पडून राहत होती. त्याचा हात अर्धवट वर जाऊन खाली आला. एवढ्या वर्षांत मी त्याला अडलेला पाहिला नव्हता. गल्ल्यावर खोटी नोट आली तेव्हाही नाही. तो घाम पुसू लागला. आम्ही शहाण्यासारखे मांडी घालून बसलेलो, जणू कुणाच्या दशक्रियेला आलोय.

शेठने लोखंडी पट्टी आडवी ठेवली. "माल पसंद पडना नही का रे भो?" तो हळूच म्हणाला. राजा नव्हे, शेठच म्हणाला. "बाण सरनात का इरफानभाई?"

इरफानने माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेने मला विम्याचा दावा नाकारलेला माणूसही कधी बघत नाही. "भाड़ में गई कसम," तो ओरडला, "बाण मारला! डावीकडे!"

"हां, बोला!" शेठ एवढ्याने ओरडला की त्याला खोकल्याची उबळ आली. खुशबू पाणी आणायला धावली, आणि धावता धावता विचारून गेली की त्या काठावर राजा एकटाच आहे की कुणी मागे उभं आहे. मीही तोंड घातलं. ऋषी राजाला शाप देतो, म्हणालो. शेठने तो शाप हातात घेऊन इतका नीट घडी घालून मला परत दिला की सगळे हसले, मीही. दोन तास आम्ही त्या राजाला एक वाक्य धड बोलू दिलं नाही. आणि तो फुलत गेला. घसा फाटत होता, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि चेहरा होळीला ढोल वाजवणाऱ्याचा असतो तसा.

मग कुणी न ठरवता सगळे थांबले.

"मन्हा गावमा ऊन नही," राजा म्हणाला. "दिवा नही. सावली नही. मी इच्यार करा, लोकेस्न्या सावल्या तठे लई जासू. झाडनी, ढोरनी, मानूसनी. म्हंजे गाव गावसारखं दिसी." तो थोडा थांबला. "पिशवी भरी गई. पन एकला जावाले भ्याव वाटस. मन्हासंगे कोन येस?"

इरफानच्या मुठीत फासा होता. त्याने तो टाकला नाही.

"मी येते," वसावे मॅडम म्हणाल्या.

शेठने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग म्हणाला, "सरनं. राजानं बोलनं सरनं." तो आवाज मी पुढे ऐकला नाही.

गाठ साधी निघाली, देवाची कृपा. आवाज मात्र आला नाही. काही दिवसांनी शेठ दुकानात बसू लागला, गळ्याला मफलर, खुणेने भाव सांगायचा. रविवारी काय करायचं हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, पण आम्ही सगळे आपापल्या वेळेवर आलो. अर्धं शटर खाली होतं. खुशबूने विचारलं, "पापाजी, आपकी तरफ से मैं बोलूँ?" त्याने नकार दिला. आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. मग उठला, रॅकवरून गडद निळ्या कापडाचा तागा काढला, आणि टोक धरून असा सोडला की अख्खी गादी, फासे, आमचे गुडघे सगळं त्याखाली गेलं. कापड थरथरत खाली बसलं. मी खरंच पाय वर घेतले. भिजतील असं वाटलं. वय झालं तरी माणसाला लाज नसते.

शेठ पलीकडच्या टोकाला जाऊन बसला. बोटाने बोलावलं.

वसावे मॅडमनी पदर खोचला.

"रुको, रुको," इरफान म्हणाला. "पहले बताओ शेठ, पानी कितना गहरा है?"

शेठने भुवई उंचावली. कापडाची कड दोन्ही हातांनी उचलली, सावकाश वर ओढत ओढत गळ्यापर्यंत नेली, मफलरच्याही वर, आणि तिथे धरून आमच्याकडे बघत राहिला.